नऊ संघ, सतरा मुक्काम : बोबो न्यूसम आणि राखीव कलमाचा काळ

१९०३ ते १९५२ या पन्नास वर्षांत अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा नकाशा जराही बदलला नाही. नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग या दोन संघटनांत प्रत्येकी आठ असे सोळा संघ, त्यांची तीच दहा शहरे आणि पश्चिमेची हद्द म्हणजे मिसिसिपी नदीकाठचे सेंट लुई, हे चित्र दोन महायुद्धे आणि एक महामंदी उलटून गेली तरी कायम राहिले. या दोन संघटनांना मिळून मेजर लीग म्हणत, आणि त्यांच्या खाली लहान शहरांतील संघांच्या, उमेदवारीच्या जागा ठरलेल्या मायनर लीगची उतरंड पसरलेली होती. संघ जागचे हलत नव्हते. हलत होते ते खेळाडू. त्या हलण्याची कमाल ज्याच्या कारकिर्दीत दिसते तो लुई नॉर्मन न्यूसम, ज्याला सारा देश ‘बोबो’ या नावाने ओळखत असे, १९२९ ते १९५३ या काळात नऊ संघांकडून खेळला आणि त्याने एकूण सतरा मुक्काम केले. वॉशिंग्टनच्या संघात तो पाच वेळा आला, सेंट लुई ब्राउन्समध्ये तीन वेळा, तर ब्रुकलिन आणि फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स या संघांत प्रत्येकी दोन वेळा. समकालीन वृत्तपत्रांनी या भटकंतीचे खापर त्याच्या बडबड्या, बढाईखोर आणि भांडखोर स्वभावावर फोडले. ते स्पष्टीकरण सोयीचे होते, पण अपुरे होते. कारण त्या काळात खेळाडू संघ सोडत नसे, संघच त्याला विकत असे, देऊन टाकत असे किंवा मोकळा करत असे.

या व्यवस्थेच्या मुळाशी करारातील एक तरतूद होती. नॅशनल लीगच्या मालकांनी १८७९ मध्ये आपसांत ठरवले की, प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखीव म्हणून जाहीर करावेत आणि इतरांनी त्यांना हात लावू नये. खेळाडूंचे वाढते पगार रोखणे हा त्यामागचा उघड हेतू होता, आणि तो इतका सफल झाला की काही वर्षांतच हे बंधन सर्व खेळाडूंवर लागू होऊन करारात लिहिले जाऊ लागले. यालाच ‘राखीव कलम’ म्हणत. करार एका वर्षाचा असे. मात्र वर्ष संपले तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क संपत नसे आणि पुढच्या वर्षासाठी तो आपोआप चालू राही. खेळाडूला पगार मान्य नसेल तर त्याने घरी बसावे, एवढेच स्वातंत्र्य त्याला होते. दुसऱ्या संघाकडे जाण्याचा मार्ग बंद होता. संघाला मात्र तो हक्क रोख रकमेला विकता येई, दुसऱ्या खेळाडूच्या बदल्यात देता येई किंवा सोडूनही देता येई. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलचे सामने भरवणे हा आंतरराज्य व्यापार ठरत नाही असा निर्णय दिला, त्यामुळे मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेतून हा धंदा बाहेर राहिला. भारतीय क्रिकेटमधील रणजी करंडकाचा खेळाडू आपल्या प्रांतासाठी खेळतो ही कल्पना ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, त्या मराठी वाचकाने येथे प्रांताच्या जागी मालक आणि निष्ठेच्या जागी मालकी हे शब्द घालून पाहावेत, म्हणजे फरक ध्यानात येईल.

दुसरे कारण आर्थिक होते. सोळा संघ कागदावर बरोबरीचे असले तरी त्यांच्या तिजोऱ्या बरोबरीच्या नव्हत्या. महामंदीच्या काळात न्यूयॉर्क यांकीज किंवा बॉस्टन रेड सॉक्स यांच्यामागे श्रीमंत मालक उभे होते, तर सेंट लुई ब्राउन्सच्या मैदानावर १९३५ च्या संपूर्ण हंगामात मिळून अवघे ८०,९२२ प्रेक्षक आले. वॉशिंग्टन सेनेटर्सचे मालक क्लार्क ग्रिफिथ यांना संघाखेरीज दुसरे उत्पन्न नव्हते. त्यांनी १९३४ मध्ये आपल्या पत्नीच्या भाचीचा नवरा आणि संघाचा व्यवस्थापक-खेळाडू जो क्रोनिन याला दोन लाखांहून अधिक डॉलर आणि एका खेळाडूच्या बदल्यात बॉस्टनला देऊन टाकले. फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचे कॉनी मॅक यांनीही याच वर्षांत आपला विजेता संघ एकेका खेळाडूच्या विक्रीने मोडून काढला. ज्या संघाला तिकिटांवर वर्ष काढता येत नव्हते, त्याच्याजवळ विकण्याजोगी एकच वस्तू असे, आणि ती म्हणजे खेळाडूचा करार. न्यूसमच्या सतरा मुक्कामांपैकी दहा याच तीन संघांत झाले, ही गोष्ट त्याच्या स्वभावाच्या चर्चेत बहुधा विसरली जाते.

अशा खेळाडूला अमेरिकी क्रीडालेखक ‘जर्नीमन’ म्हणतात. हा शब्द युरोपातील जुन्या कारागीर-श्रेणींतून आलेला आहे. उमेदवारी पुरी केलेला, कसबात तयार, परंतु स्वतःचे दुकान नसल्यामुळे दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर काम करणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. त्यातील पहिला भाग प्रवासाचा नसून फ्रेंच भाषेतील ‘दिवस’ या अर्थाच्या शब्दाचा आहे. बेसबॉलमध्ये हा शब्द ‘साधारण दर्जाचा, कुठेही न टिकणारा’ अशा हलक्या अर्थाने वापरला जातो. न्यूसमला तो मूळ अर्थानेच अधिक लागू पडतो.

पुढील हकिगत समजण्यासाठी खेळातील दोनचार संज्ञा येथेच सांगणे इष्ट आहे. पिचर म्हणजे मातीच्या उंचवट्यावर उभा राहून, चेंडूला टप्पा न पडू देता, सुमारे साठ फुटांवरील फलंदाजाकडे तो फेकणारा गोलंदाज. सामना नऊ डावांचा असतो आणि बरोबरी झाल्यास तो वाढत जातो. आज एका सामन्यात चारपाच पिचर वापरले जातात. न्यूसमच्या काळात सुरुवात करणाऱ्या पिचरने शेवटपर्यंत टाकणे हेच अपेक्षित असे. संघ जिंकला वा हरला की तो विजय किंवा पराभव एका ठरावीक पिचरच्या नावावर लिहिला जातो, मग त्याच्या फलंदाजांनी धावा केल्या असोत वा नसोत. हिशेबाची ही पद्धत दुबळ्या संघातील पिचरवर किती अन्याय करते, हे न्यूसमच्या नोंदींइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

न्यूसमचा जन्म ११ ऑगस्ट १९०७ रोजी दक्षिण कॅरोलायना राज्यातील हार्ट्सव्हिल या गावी झाला. सव्वासहा फूट उंचीचा, उजव्या हाताने फेकणारा हा दणकट तरुण मेकन, लिटल रॉक, ऑल्बनी अशा मायनर लीगच्या गावांतून वर सरकत होता. सप्टेंबर १९२९ मध्ये ब्रुकलिनने त्याला मेजर लीगमध्ये पहिली संधी दिली आणि त्या हंगामात त्याच्या नावावर तीन पराभव लागले. १९३० मध्ये ब्रुकलिनकडून आणि १९३२ मध्ये शिकागो कब्जकडून तो जेमतेम मैदानावर उतरला. याच सुमारास त्याची मोटार दरीत कोसळून दोन्ही पाय मोडले आणि बरा होऊन तो खेचरांच्या बाजारात गेला असता एका खेचराच्या लाथेने पाय पुन्हा मोडला, अशी कथा पुढे वर्षानुवर्षे छापली गेली. तिच्यातील तपशील तो स्वतःच रंगवून सांगत असे.

त्याची उमेदवारी खऱ्या अर्थाने संपली ती १९३३ मध्ये, लॉस एंजेलिस शहरात. त्या काळी मेजर लीगची आगगाडी सेंट लुईपलीकडे जात नसल्याने पॅसिफिक किनाऱ्यावरील पॅसिफिक कोस्ट लीग ही मायनर लीगच असली तरी दर्जाने फारशी खाली नव्हती. तिचा हंगाम मोठा आणि हवामान सौम्य असे. तेथील एंजल्स संघाकडून न्यूसमने ३० सामने जिंकले, ११ हरले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवला. त्यानंतर सेंट लुई ब्राउन्सने त्याला उचलले.

१९३४ च्या हंगामात ब्राउन्सचा व्यवस्थापक होता रॉजर्स हॉर्न्सबी. एकेकाळचा महान फलंदाज असलेल्या या कठोर माणसाने न्यूसमकडून अडीचशेहून अधिक डाव टाकून घेतले. न्यूसमने १६ सामने जिंकले आणि लीगमध्ये सर्वाधिक म्हणजे २० हरले. या हंगामातील १८ सप्टेंबरचा बॉस्टनविरुद्धचा सामना त्याच्या पुढच्या साऱ्या कारकिर्दीचा नमुना ठरावा असा झाला. पहिल्या नऊ डावांत त्याने बॉस्टनला एकही हिट मिळू दिली नाही. हिट म्हणजे फलंदाजाने फटका मारून पहिला तळ, म्हणजे धावेसाठी ओळीने गाठायच्या चार ठिकाणांपैकी पहिले, स्वबळावर गाठणे. पण त्याने काही फलंदाजांना वॉक दिले होते, म्हणजे चार बाहेरचे चेंडू टाकल्यामुळे त्यांना पहिला तळ फुकट मिळाला होता, आणि त्यातून बॉस्टनची एक धाव झाली होती. ब्राउन्सच्या फलंदाजांनाही तेवढ्या डावांत एकच धाव जमवता आली. दहाव्या डावात दोन गडी बाद असताना रॉय जॉन्सनने सामन्यातील बॉस्टनची पहिली आणि एकमेव हिट मारली आणि न्यूसम २–१ असा हरला. नऊ डाव हिट न देण्याच्या पराक्रमाला ‘नो-हिटर’ म्हणतात, आणि त्या यादीत हा सामना पन्नासाहून अधिक वर्षे होता. १९९१ मध्ये मेजर लीगच्या समितीने व्याख्या कडक करून सामना संपेपर्यंत हिट मिळालेली नसावी अशी अट घातली, तेव्हा तोही मान मरणोत्तर काढून घेण्यात आला.

पुढच्या वर्षी, म्हणजे रिकाम्या खुर्च्यांच्या त्या १९३५ च्या हंगामात, मे महिन्यातच ब्राउन्सने न्यूसमला ४० हजार डॉलरला वॉशिंग्टनला विकले. तोपर्यंत त्या वर्षी त्याने सहा सामने गमावले होते आणि एकही जिंकला नव्हता. तरीही एवढी किंमत आली, यावरून जाणकार त्याला त्याच्या आकड्यांपेक्षा वेगळ्या नजरेने पाहत होते हे उघड आहे. वॉशिंग्टनमध्ये आल्यावर क्लीव्हलँडच्या अर्ल अ‍ॅव्हरिलचा सरळ फटका त्याच्या गुडघ्यावर बसला आणि वाटी फुटली, पण तो टाकत राहिला. १४ एप्रिल १९३६ रोजी हंगामाच्या उद्घाटनाचा सामना यांकीजविरुद्ध होता. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट प्रथेप्रमाणे उपस्थित होते. सामन्यात तिसऱ्या तळावरील ऑसी ब्लूगी याने पहिल्या तळाकडे फेकलेला वेगवान चेंडू वाटेत उभ्या असलेल्या न्यूसमच्या जबड्यावर आदळला. वेदनेने तो कोलमडला, तथापि राष्ट्राध्यक्ष पाहायला आले असताना आपण मैदान सोडणार नाही असे सांगून त्याने उरलेला सामना पुरा केला आणि यांकीजसारख्या बलाढ्य संघाला १–० असे हरवले. जबडा मोडल्याचे नंतर निष्पन्न झाले. अशा माणसाला केवळ विदूषक समजणे हा त्या काळच्या क्रीडापत्रकारितेचा मोठा दोष मानावा लागेल. सहकाऱ्यांची नावे लक्षात न ठेवता तो सर्वांना ‘बोबो’ म्हणे आणि स्वतःचा उल्लेखही तृतीयपुरुषी ‘बोबो’ असाच करी, उंचवट्यावर कागदाचा कपटा दिसला तर तो उचलल्याशिवाय चेंडू टाकत नसे, त्यामुळे प्रतिपक्षाचे खेळाडू मुद्दाम कपटे टाकून जात. या गोष्टी खऱ्या होत्या आणि छापायला सोप्या होत्या. सतत घर बदलणाऱ्या माणसाने नावे लक्षात ठेवण्याचे सोडून दिले असेल, तर त्यात नवल कसले?

विंचवाचे बिऱ्हाड आता पाठीवरच राहणार होते. जून १९३७ मध्ये वॉशिंग्टनने त्याला बॉस्टनला दिले आणि तो हंगाम संपताच बॉस्टनने त्याला पुन्हा ब्राउन्सकडे धाडले. १९३८ चा त्याचा तेथील हंगाम स्वतंत्र दखल घेण्याजोगा आहे. ब्राउन्सने त्या वर्षी ५५ सामने जिंकले आणि ९७ गमावले. त्या ५५ पैकी २० विजय एकट्या न्यूसमचे होते. त्याने ३२९ डावांहून अधिक टाकले आणि ३१ सामने एकट्याने पुरे केले. अर्जित धावांची सरासरी, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी झालेल्या धावा वगळून दर नऊ डावांमागे पिचरने दिलेल्या धावा, ५.०८ इतकी वाईट होती, आणि एवढ्या सरासरीवर वीस सामने जिंकणे हे आजही विचित्र वाटते. त्याचे कारण कामाच्या ओझ्यात आहे. चांगल्या संघात जो पिचर पाचव्या-सहाव्या डावात विश्रांतीला पाठवला गेला असता, त्याला ब्राउन्सने शेवटपर्यंत राबवले, कारण त्याच्या जागी पाठवायला दुसरे कोणी नव्हते.

१३ मे १९३९ रोजी ब्राउन्सने न्यूसमसह चार खेळाडू डेट्रॉइट टायगर्सला देऊन सहा खेळाडू घेतले. संख्येच्या लोभाने केलेल्या या व्यवहारानंतर ब्राउन्सने त्या हंगामात तब्बल १११ सामने गमावले, आणि न्यूसमला आयुष्यात प्रथमच भक्कम फलंदाजीचा आधार मिळाला. डेट्रॉइटमध्ये हँक ग्रीनबर्ग होता, चार्ली गेरिंगर होता, मोटारींच्या सांगाड्यांच्या धंद्यात श्रीमंत झालेले वॉल्टर ब्रिग्ज हे मालक होते. तेथे पोहोचल्यापासून १९४० च्या हंगामाअखेर न्यूसमने ३८ सामने जिंकले आणि फक्त १५ हरले. माणूस तोच, हात तोच, वय तिशी ओलांडलेले. बदलला होता तो पाठीमागचा संघ.

१९४० मध्ये २१ विजय, ५ पराभव आणि २.८३ ही सरासरी घेऊन त्याने डेट्रॉइटला अमेरिकन लीगचे विजेतेपद मिळवून दिले. क्लीव्हलँडवर अवघ्या एका सामन्याची आघाडी होती. दोन्ही लीगच्या विजेत्यांमध्ये जास्तीत जास्त सात सामन्यांची वर्ल्ड सीरिज होते, आणि ती सिनसिनाटी रेड्सविरुद्ध २ ऑक्टोबरला सिनसिनाटीत सुरू झाली. दक्षिण कॅरोलायनाहून न्यूसमचे वडील मुलाचा खेळ पाहायला आले होते. न्यूसमने पहिला सामना ७–२ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी पहाटे हॉटेलच्या खोलीत हृदयविकाराच्या झटक्याने वडिलांचे निधन झाले. ६ ऑक्टोबरला डेट्रॉइटमध्ये पाचवा सामना होता. न्यूसम उंचवट्यावर उभा राहिला आणि त्याने सिनसिनाटीला तीन हिट देऊन एकही धाव करू दिली नाही. डेट्रॉइट ८–० असे जिंकले. बेसबॉलच्या इतिहासात याहून मोठ्या फरकाचे विजय आहेत, पण शोक आणि कसब यांचा असा संगम असलेली खेळी शोधावी लागेल.

सहावा सामना डेट्रॉइटने गमावला आणि सारे निर्णायक सातव्या सामन्यावर आले. एकच दिवस विश्रांती मिळालेल्या न्यूसमलाच ८ ऑक्टोबरला पुन्हा उभे करण्यात आले. समोर होता पॉल डेरिंजर, ज्याला पहिल्या सामन्यात त्याने हरवले होते. तिसऱ्या डावात डेट्रॉइटला एक धाव मिळाली आणि सहा डावांपर्यंत १–० ही आघाडी न्यूसमने राखली. सातव्या डावात फ्रँक मॅकॉर्मिकने दोन तळांचा फटका मारला, पाठोपाठ जिमी रिपलने तसाच फटका मारला. मॅकॉर्मिक अडखळत घराच्या तळाकडे निघाला असताना चेंडू मैदानातून परत येऊन डिक बार्टेल या क्षेत्ररक्षकाच्या हातात पडला होता. पण त्याची पाठ धावणाऱ्याकडे होती आणि प्रेक्षकांच्या गलक्यात सहकाऱ्यांच्या आरोळ्या त्याला ऐकू आल्या नाहीत. चेंडू हातातच राहिला आणि बरोबरी झाली. नंतर बिली मायर्सच्या उंच फटक्यावर रिपल धावत घरी आला. सिनसिनाटी २–१ असे जिंकले. तीन सामने, तिन्ही शेवटपर्यंत टाकलेले, २६ डाव आणि १.३८ ही सरासरी एवढे करूनही न्यूसमच्या वाट्याला पराभूत बाजू आली. पहिल्या नऊ डावांत हिट न देता हरलेला १९३४ चा पिचर आणि हा पिचर, दोघांचे भाग्य एकच होते.

१९४१ च्या सुरुवातीला तो सर्वाधिक पगार घेणारा पिचर मानला जात होता. वृत्तपत्रांनी त्याचा पगार सुमारे ३५ हजार डॉलर सांगितला. त्या वर्षी मे महिन्यात ग्रीनबर्ग सैन्यात गेला, संघाची फलंदाजी ढासळली आणि न्यूसमने १२ सामने जिंकून २० गमावले. हंगामानंतर डेट्रॉइटचे सरव्यवस्थापक जॅक झेलर यांनी त्याच्या पगारात मोठी कपात सुचवली. येथे एक पार्श्वभूमी आहे. जानेवारी १९४० मध्ये बेसबॉलचे आयुक्त न्यायमूर्ती केनेसॉ माउंटन लँडिस यांनी, डेट्रॉइटने मायनर लीगमधील खेळाडू नियमबाह्य रीतीने अडकवून ठेवले म्हणून, त्यांच्यापैकी ९१ जणांना एका हुकुमाने मुक्त केले होते. तुम्ही मालकाचे ९१ खेळाडू घालवलेत, तुमच्या पगारात कपात झालेली दिसत नाही, अशा अर्थाचे उत्तर न्यूसमने झेलरना दिल्याचे त्या वेळी सर्वत्र सांगितले गेले. उत्तर बिनतोड होते, पण राखीव कलमापुढे युक्तिवादाला किंमत नव्हती. हंगाम सुरू होण्यापूर्वी, मार्च १९४२ अखेर, त्याला वॉशिंग्टनला विकण्यात आले.

त्यानंतरची दीड-दोन वर्षे म्हणजे व्यवहारांची साखळीच आहे. ऑगस्ट १९४२ अखेर वॉशिंग्टनने त्याला ब्रुकलिनला विकले, जेथे संघाने १०४ सामने जिंकूनही सेंट लुई कार्डिनल्सच्या मागे दुसरा क्रमांक घेतला. १९४३ मध्ये ब्रुकलिनसाठी तो ९ सामने जिंकून ४ हरला असताना जुलैमध्ये व्यवस्थापक लिओ ड्युरोशरशी त्याचा खटका उडाला. ड्युरोशरने त्याला बेशिस्तीच्या कारणावरून निलंबित केले आणि त्याबाबत खेळाडूंना एक व वार्ताहरांना दुसरे सांगितल्याचा समज पसरला. संघातील अत्यंत अबोल आणि आदरणीय खेळाडू आर्की व्हॉन याने आपला गणवेश काढून ड्युरोशरच्या हवाली केला आणि १० जुलैचा सामना होणारच नाही अशी वेळ आली. मनधरणीनंतर खेळाडू मैदानावर उतरले आणि त्यांनी पिट्सबर्गला २३–६ असे हरवले. बंड काही तासांचे होते, तरी खेळाडूंची मान्यताप्राप्त संघटना नसलेल्या त्या काळात एका फिरत्या पिचरसाठी सहकाऱ्यांनी काम बंद करण्याची तयारी दाखवावी, याचे महत्त्व कमी नाही. काही दिवसांतच ब्रुकलिनचे अध्यक्ष ब्रँच रिकी यांनी न्यूसमला ब्राउन्सकडे पाठवले, ऑगस्ट संपताना ब्राउन्सने त्याला वॉशिंग्टनला विकले आणि डिसेंबरात वॉशिंग्टनने फिलाडेल्फियाला दिले. एका वर्षाच्या आत चार गणवेश झाले.

युद्धामुळे संघांतील तरुण सैन्यात गेले होते. न्यूसम मैदानावरच राहिला आणि फिलाडेल्फियाच्या मोडक्या संघासाठी टाकत राहिला. १९४५ मध्ये त्या संघाने ५२ सामने जिंकले, ९८ गमावले. न्यूसमची सरासरी ३.२९ अशी चांगली होती, पण नोंद मात्र ८ विजय आणि २० पराभव अशी झाली. १९३८ आणि १९४५ हे दोन हंगाम शेजारी ठेवले की, विजय-पराभवांच्या आकड्यांवरून पिचरची लायकी ठरवणे किती फसवे आहे हे कळते : पाच धावा देणारा न्यूसम वीस सामने जिंकला आणि तीनच्या आसपास धावा देणारा वीस सामने हरला. जून १९४६ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला मोकळे केले आणि तो चौथ्यांदा वॉशिंग्टनला गेला. तेथून जुलै १९४७ मध्ये तो यांकीजकडे विकला गेला, त्या गणवेशात त्याने आपला दोनशेवा विजय मिळवला आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो पुन्हा वर्ल्ड सीरिजमध्ये उतरला. तिसऱ्या सामन्यात ब्रुकलिनने त्याला दुसऱ्याच डावात गारद केले, पण यांकीज सीरिज जिंकले.

त्या सामन्यात ब्रुकलिनच्या बाजूने फलंदाजीला आलेल्यांत जॅकी रॉबिन्सन होता, ज्याच्या पदार्पणाने मेजर लीगमधील वर्णबंदी त्याच वर्षी एप्रिलमध्ये मोडली होती. न्यूसमवरील अन्यायाचा हिशेब मांडताना ही बाजू विसरता येत नाही. त्याच्याहून एक वर्षाने मोठा, त्याच्यासारखाच दक्षिणेत जन्मलेला आणि पिचर म्हणून त्याच्याहून निःसंशय श्रेष्ठ असा सॅचेल पेज हा कृष्णवर्णीय असल्यामुळे मेजर लीगमध्ये पहिल्यांदा खेळला तो जुलै १९४८ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. ज्या व्यवस्थेत न्यूसम विकला जात होता, तिच्यातील सोळा मालक पेजला विकतही घ्यायला तयार नव्हते. विकले जाण्याचा अपमान सोसण्यासाठीही त्या काळी गोरे असावे लागे.

१९४८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून चार सामने हरल्यावर न्यूसम संपला असे मानले गेले. तीन वर्षे तो मायनर लीगमध्ये टाकत राहिला आणि १९५२ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, ग्रिफिथनी त्याला पाचव्यांदा वॉशिंग्टनला बोलावले. आपण या राजधानीत रूझवेल्टपेक्षा एक कारकीर्द अधिक केली, असे तो अभिमानाने सांगे. त्याच उन्हाळ्यात तो पुन्हा फिलाडेल्फियाला गेला आणि १७ सप्टेंबर १९५३ रोजी त्याने मेजर लीगमधील शेवटचा सामना टाकला. चार दशकांत मिळून ६०० सामने, ३,७५९ डावांहून अधिक, २११ विजय आणि २२२ पराभव असा त्याचा ताळेबंद झाला. दोनशेहून अधिक विजय मिळवूनही पराभव जास्त असलेला त्याच्याखेरीज एकच पिचर मेजर लीगच्या इतिहासात आहे, जॅक पॉवेल. डेट्रॉइटमधील ते दोन हंगाम सोडले तर न्यूसमची दोनअंकी विजयांची बहुतेक वर्षे दुबळ्या संघांत गेली हे लक्षात घेता, या आकड्यांकडे अपयशाचा पुरावा म्हणून पाहणे चूक ठरते. साधारण पिचरला कोणी वीस वर्षे पराभव पत्करायला उंचवट्यावर उभे करत नाही.

त्याला चलनासारखे वापरणाऱ्या तीन संघांचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. १९५३ च्या हंगामानंतर ब्राउन्स विकले जाऊन बाल्टिमोरला गेले. १९५४ नंतर अ‍ॅथलेटिक्स विकले जाऊन कॅन्सस सिटीला गेले, आणि १९६० नंतर सेनेटर्स मिनेसोटात गेले. राखीव कलमामुळे दुबळे संघ टिकतात हा मालकांचा नेहमीचा युक्तिवाद होता. प्रत्यक्षात त्या कलमाने दुबळ्या संघांना आपली माणसे विकून वर्ष ढकलण्याची सोय दिली, श्रीमंतांना ती घेण्याची दिली, आणि टिकवले कोणालाच नाही.

खेळाडूंच्या बाजूने बदल फार सावकाश आले. १९४६ मध्ये संघटना स्थापण्याचा प्रयत्न फसला, तरी त्याच्या धास्तीने मालकांनी किमान वेतन आणि निवृत्तिवेतन मान्य केले. न्यूसमच्या शेवटच्या सामन्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोच ९ नोव्हेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यांकीजच्या मायनर लीगमधील पिचर जॉर्ज टूलसन याच्या खटल्यात १९२२ चा निर्णय कायम ठेवला. १९७२ मध्ये खेळाडू कर्ट फ्लड हाही त्याच न्यायालयात खटला हरला. अखेर २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या प्रकरणात, एका वर्षाचा करार मालकाला एकदाच वाढवता येतो, कायमचा नाही, असा निवाडा दिला आणि शहाण्णव वर्षांची ती व्यवस्था कोसळली. मेसरस्मिथ आणि मॅकनॅली हे दोघेही पिचर होते. बोबो न्यूसमचे निधन ७ डिसेंबर १९६२ रोजी फ्लोरिडातील ऑरलँडो येथे, पंचावन्नाव्या वर्षी झाले होते. हा निवाडा झाला तेव्हा त्याच्या निधनाला तेरा वर्षे उलटली होती.